मिंधेपणाला करार लागत नाही

गेल्या महिन्यात आमच्या विभागात एका प्रकल्पाच्या निधीवर बैठक झाली. पैसे देणारी कंपनी अशा धंद्यातली, की नाव निघताच दोघांनी मान खाली घातली. रक्कम चांगली होती. तीन वर्षांचा खर्च, एक नवं यंत्र, दोन फेलोशिप. चर्चा सगळी रंगली ती 'हा पैसा घेणं शोभतं का' यावर. कराराच्या शेवटच्या पानांत एक ओळ होती: निष्कर्ष प्रसिद्ध करण्याआधी कंपनीची लेखी संमती घेणं बंधनकारक राहील. त्या ओळीवर तासभर कुणी चकार शब्द काढला नाही.

मला ती ओळ वाचून बेटी डाँग आठवल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या औषधतज्ज्ञ. थायरॉइडच्या एका महागड्या गोळीची इतर तीन गोळ्यांशी तुलना करायचं काम १९८७ मध्ये त्यांच्याकडे आलं. पैसा महागडी गोळी बनवणाऱ्या कंपनीचाच. १९९० च्या अखेरीस निकाल हाती आला: चारही गोळ्यांचा गुण सारखाच. कंपनीने अभ्यासात खोट काढायला सुरुवात केली. तरी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने पेपर स्वीकारला, जानेवारी १९९५ च्या अंकात तो यायचा होता. अंक निघायला थोडे दिवस उरले असताना डाँग यांना तो मागे घ्यावा लागला. करारात संमतीचं कलम होतं, आणि खटला झाला तर आम्ही पाठीशी नाही, असं विद्यापीठाच्याच वकिलांनी सांगितलं होतं. पेपर छापून आला एप्रिल १९९७ मध्ये. तेवढी वर्षं लाखो रोगी महाग गोळी घेत राहिले. डाँग यांनी काहीही चुकीचं केलं नव्हतं. एक सही केली होती, आणि त्यांच्या विद्यापीठाने ती करू दिली होती.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे, की असं कलम असलेला करार कुठल्याच कंपनीशी करू नये. धंदा वादग्रस्त असो वा सोज्वळ, छापायचं की नाही हे पैसे देणाऱ्याच्या हाती गेलं की त्याला संशोधन म्हणता येत नाही.

पण कलम काढलं म्हणजे भागलं, असंही नाही. तंबाखू कंपन्यांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत त्यांनी पानभर निवेदन दिलं: लोकांचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं, आम्ही संशोधनाला पैसा देऊ. त्यासाठी नेमलेल्या समितीचे वैज्ञानिक प्रमुख झाले क्लॅरेन्स कुक लिटल. नावाजलेले आनुवंशशास्त्रज्ञ, मिशिगन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. पुढची चार दशकं विद्यापीठांना पैसा मिळत राहिला आणि त्यातून खरं, चांगलं विज्ञानही झालं. आनुवंशिकतेवर झालं, पेशींवर झालं. सिगारेटने माणूस कसा मरतो, हा प्रश्न मात्र बाजूला पडला. खोटं लिहायला कुणाला सांगावं लागलं नाही. कुठला प्रश्न विचारायचा हे ठरवलं, तेवढं पुरलं. १९६९ च्या एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलेलंच आहे, की शंका हाच आपला माल आहे.

याचा परिणाम मोजलाही गेलाय. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराने अपाय होतो का, यावरच्या १०६ आढावा-लेखांची छाननी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. 'अपाय नाही' म्हणणारे ३९ लेख होते. त्यांतल्या २९ लेखांच्या लेखकांचा तंबाखू उद्योगाशी संबंध होता. ही सगळी माणसं विकली गेली होती, असं मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: मिंधेपण. मिंध्या माणसाला कुणी हुकूम देत नाही, त्याची जीभच आपसूक आवरते. पुढच्या वर्षीचा निधी, विद्यार्थ्याची फेलोशिप, प्रयोगशाळेचं भाडं हे सगळं डोक्यात असताना तो वाक्याच्या शेवटी एक 'कदाचित' जोडतो.

मग पैसा आणायचा कुठून, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. औषध कंपन्यांचा पैसा नसेल तर औषधांच्या चाचण्या अडतील. तेल कंपनीच्या पैशावर पाइप का गंजतात याचा अभ्यास कुणी केला तर माझी हरकत नाही. गंजाबद्दलचं सत्य कंपनीलाही हवंच असतं. पण त्याच कंपनीच्या पैशावर हवामान धोरणाचा अभ्यास नको. जिथे निष्कर्ष खरा निघाला तर देणाऱ्याचा धंदाच बुडतो, तिथे कितीही अटी घाला, त्या पुरत नाहीत. तंबाखूच्या बाबतीत तर मला चर्चाच नको वाटते. ब्रिटनच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००० साली ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोकडून ३८ लाख पौंड घेतले, तेही उद्योगांची सामाजिक जबाबदारी शिकवणारं केंद्र काढायला. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाचे तेव्हाचे संपादक रिचर्ड स्मिथ यांनी तिथलं मानद प्राध्यापकपद सोडलं. कंपनीला संशोधन नकोच होतं, तिला विद्यापीठाच्या नावाशेजारी स्वतःचं नाव हवं होतं. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १७ सार्वजनिक आरोग्य महाविद्यालयांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन सांगितलं, की फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या प्रतिष्ठानाकडून आम्ही काही घेणार नाही. एकेकट्याला नकार देणं जड जातं, हे त्यांना कळलं होतं.

आमच्या बैठकीत मी करार आहे तसा घ्यायला लेखी नकार दिला. कलम काढा, विषय आम्ही निवडू, आणि करार सगळ्यांना वाचता येईल असा उघडा ठेवा, अशा तीन अटी पाठवल्या. कंपनीने दुसरी आणि तिसरी फेटाळली, प्रकल्प गेला. ज्या मुलीला त्यातली फेलोशिप मिळणार होती तिला मीच बोलावून सांगितलं. ती काही बोलली नाही, वही मिटून उठली. तिच्यासाठी तीन ठिकाणी अर्ज केलेत. अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही.