प्रश्न वाचून दाखवला म्हणून कुणावर अन्याय होत नाही

सध्या मराठवाड्यातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वाचता न येणाऱ्या पोरांना चाचणीत प्रश्न वाचून दाखवणं, जादा वेळ देणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे. वाचता न येणं हा आळस आहे, पूर्वी तो छडीनं जात होता. सवलतीची सवय लागली की पोरगं कधीच वाचायला शिकत नाही. आणि पुढं स्पर्धा परीक्षेत त्याला कोण वाचून दाखवणार?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकांनीही हा मेसेज पुढं पाठवलाय, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी अन्यायाचं बघू. गणिताच्या पेपरात प्रश्न आहे: ‘4200 रुपये प्रतिक्विंटल दराने 8 क्विंटल सोयाबीन विकले, तर एकूण किती रुपये मिळाले?’ बापासोबत मोंढ्यात जाणारं पोरगं हा हिशेब तोंडी विचारला तर सांगतं. कागदावर मात्र ते ‘प्रतिक्विंटल’पाशीच अडतं, आणि तिथून सुटेपर्यंत वेळ संपतो. आपण त्याला शून्य देतो आणि ते शून्य गणिताच्या रकान्यात लिहितो. मोजलं काय आपण? वाचन. नोंदवलं काय? गुणाकार येत नाही. मग पुढचा महिनाभर त्याच्याकडून येणारेच पाढे घोकून घेतो आणि जे खरंच येत नाही, ते तसंच राहतं. प्रश्न वाचून दाखवला तर शेजारच्या मुलीचा एक गुणही कमी होत नाही. उत्तर कुणालाच सांगितलेलं नसतं.

इथं एक मर्यादा पाळलीच पाहिजे. चाचणी वाचनाचीच असेल, तर उतारा वाचून दाखवायचा नाही, कारण मग मोजायला काही उरतच नाही. तिथं वेळ जास्त द्यावा, अक्षर मोठं आणि ओळी सुट्या ठेवाव्यात. गणित आणि परिसर अभ्यासात मात्र वाचून दाखवायला काहीच हरकत नाही. मोठ्या परीक्षांसाठी केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान 20 मिनिटं जादा सांगितली आहेत, म्हणजे 3 तासांच्या पेपरला 1 तास. वर्गातल्या साध्या चाचणीत सरळ वाचणाऱ्या मुलाला जादा वेळ दिला, तरी तो पेपर ठेवून बाहेर पळतो. तो वेळ अडखळणाऱ्यालाच लागतो.

आता आळस. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि उच्चार नंतर होतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. घ-ध, भ-म यांत फरक एवढासा. बहुतेक मुलं हे सरावानं पेलतात. काहींना अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणंच जड जातं. हा डिस्लेक्सिया, आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. छडीनं ती सांगड बसत नाही. छडीच्या काळात अशी पोरं वाचायला शिकली नाहीत, ती शाळा सोडून गेली आणि म्हणून कुणाला दिसली नाहीत.

आमच्याकडं दुसराही एक गट आहे. दिवाळीच्या आसपास आईबापासोबत ऊसतोडीला गेलेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी मुलं. तांड्यावरची, घरात गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलणारी मुलं. यांना डिस्लेक्सिया आहे असं सरसकट म्हणणं चूक आहे, त्यांचं शिकणं तुटलंय. दोघांना शिकवायची पद्धत वेगळी असावी लागते, पण परिसर अभ्यासाचा पेपर दोघांनाही वाचून दाखवावाच लागतो.

सवय लागेल, ही भीती मात्र मी उडवून लावणार नाही. पेपर वाचून दाखवला आणि वर्षभर त्याला वाचायलाच बसवलं नाही, तर ते पोरगं खरंच तसंच राहील. दोष तिथं शिकवणं थांबवण्याचा आहे. सवलत चाचणीपुरती असते. रोज जवळ बसवून ध्वनी, अक्षर, शब्द असं वाचून घेणं चालूच राहिलं पाहिजे.

‘स्पर्धा परीक्षेत कोण वाचून दाखवणार?’ याचं उत्तर कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता धरली आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच येतो, आणि कलम 17 जादा वेळ, लेखनिक आणि परीक्षा पद्धतीतल्या बदलांबद्दल स्पष्ट बोलतं. 11 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं लिहायला त्रास होणाऱ्या विकाश कुमार या परीक्षार्थीच्या खटल्यात लेखनिकाचा हक्क मान्य केला. त्यात समोरचा पक्ष केंद्रीय लोकसेवा आयोगच होता.

मेसेजखालच्या चर्चेत खोट्या सर्टिफिकेटचा मुद्दाही येतो. बोर्डाच्या परीक्षेला तपासणी कडक असावी, मान्य. पण केंद्राच्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या 8 वर्षांनंतरच मिळतं. मग दुसरीतल्या मुलानं काय करायचं? वर्गातल्या चाचणीला असलं प्रमाणपत्र लागत नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम आधीच दिलंय. आपण ते रकाना भरण्यापुरतं वापरतो, हे वाईट आहे. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षेत नापास झालं की फेरपरीक्षा आणि तिथंही अडलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. वाचनामुळं गेलेले गणिताचे गुण आता वर्ष खाऊ शकतात.

राहिली अडचण वेळेची. दोनशिक्षकी शाळेत एकेकाला वेगळं बसवून वाचायला माणूस कुठून आणायचा? मी वेगळं बसवत नाही. प्रत्येक प्रश्न सगळ्या वर्गाला सावकाश दोनदा वाचून दाखवते आणि मग लिहायला सांगते. कोण अडखळतं, हे चारचौघांत उघडं पडत नाही. ज्यांचं लिहून होत नाही, त्यांची उरलेली उत्तरं मधल्या सुट्टीनंतर तोंडी ऐकते आणि पेपरावर ‘तोंडी’ असं लिहून गुण देते.