मैत्रीण शोधायची कुठल्या नावानं?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकानं गेट-टुगेदरचे फोटो टाकले. सगळे पुरुष, निम्मे टकले, सगळे खुशीत. खाली लिहिलंय, 'आम्ही मैत्री जपली. बायकांना नाही जमत, लग्न झालं की विसरतात.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. त्यात आमच्या वर्गातल्या बायकाही!

अरे बाबा, तू ज्या आळीत जन्मलास तिथंच, त्याच आडनावानं राहतोस. तुला शोधायला काय अक्कल लागते? पमीला शोधून दाखव.

पमी आणि मी वाईच्या. ती गंगापुरीतली, मी मधल्या आळीतली. भोंडल्याची खिरापत ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नाही. डबा नुसता हलवून सांगायची. कृष्णाबाईच्या, म्हणजे आमच्या नदीच्या उत्सवात तिच्याही घाटावर जेवायचं, आमच्याही. 1991 ला दहावी झालो. पुढं तिचं लग्न बार्शीला झालं तेव्हा मी परीक्षेमुळे पुण्यात अडकलेले. तिथं तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं गेलं, ते मला कळलंच नाही. मग माझंही आडनाव बदललं. आता बोला, कुणी कुणाला विसरलं?

फेसबुकवर तिचं माहेरचं नाव टाकून टाकून थकले. शेवटी तिच्या भावाला शोधलं. तो पाच मिनिटांत सापडला! घर तेच, दुकान तेच, पाटीवर आडनाव तेच. म्हणाला, "नंबर देतो, पण आधी दाजींच्या कानावर घालतो." पन्नाशीला आलेल्या बाईशी बोलायला दाजींची परवानगी! बरं, दाजी माणूस भला निघाला, हे मान्य करते. त्यांनीच फोन केला. मी म्हटलं, पमी आहे का? तर म्हणाले, "पमी कोण?"

इतकी वर्षं संसार केला आणि बायकोला माहेरी काय म्हणायचे ते माहीत नाही.

आपल्याकडे कायद्यानं नाव बदलायची सक्ती नाही, तरी लग्न ठरलं की विचारतात, "नाव काय ठेवणार?" जणू बारसंच आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता बापाच्या आधी आईचं नाव लागतं. छानच झालं. पण त्या आईचं कुठलं नाव, माहेरचं की ताटातलं?

असो. दिवाळीनंतर बार्शीला जाऊन आले. पमीनं पाणी दिलं ते एका पोचे पडलेल्या स्टीलच्या तांब्यातून. शाळेत रांगोळीच्या स्पर्धेत मिळालेला, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं जुनं अख्खं नाव, आडनावासकट. सुनेनं विचारलं, "आत्या, हे कुणाचं नाव?" पमी म्हणाली, "माझंच गं," आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की दाजी बाहेरून डोकावले.

तिला नवं नाव आवडतं म्हणे. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली. मला नाही पटलं, पण नाव तिचं आहे, भांडणार कशी? रात्री मात्र तिनं सांगितलं की तीही मला शोधत होती. माझ्या माहेरच्या आडनावानं. ते मी बँकेत लागल्यापासून कुठंच लावत नाही.

तेव्हा बायांनो, एक काम करा. फेसबुकवर आपल्या माहितीत दुसरं नाव टाकायची सोय आहे, तिथं माहेरचं नाव घाला. नवऱ्याला विचारत बसू नका. मी आत्ताच घातलंय. आणि फोटोवाल्या मित्रा, माघात पमी उत्सवाला वाईला येतेय. जेवायला ये, पण तिला 'वहिनी' म्हणालास तर पंगतीतून उठवीन.