धूर बाटलीतला

रविवार म्हणजे मटण. आमच्या घरात हे राज्यघटनेतलं कलम आहे. सकाळी दहाच्या आत पिशवी घरात, दुपारी दीडला रस्सा ताटात, आणि तीन ते पाच कोणी कोणाला उठवायचं नाही. या रविवारी ते कलम मोडलं आणि आम्ही चौघं नव्यानं उघडलेल्या बर्गर-बार्बेक्यूवाल्याकडे जेवायला गेलो. कारण अर्थातच चिरंजीव. त्याच्या कॉलेजातल्या झाडून सगळ्यांच्या स्टोरीवर गेले दोन आठवडे एकच काचेचा घुमट आणि त्यातून निघणारा धूर फिरतोय. "आई, आपणच राहिलो फक्त," असं तो म्हणाला तेव्हा मामाजींनी (माझे सासरे, वय शहात्तर) पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "कशाचा धूर?" तिथेच पुढच्या सगळ्या भानगडीची सुरुवात झाली.

हॉटेलचं नाव लिहिणार नाही. का, ते खाली येईल. नागपुरात धरमपेठेच्या बाजूला आहे, एवढ्यावर भागवा. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, त्यामुळे शहरात पांढऱ्या गाड्या जास्त आणि पार्किंग कमी. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली आणि डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळलेल्या मामाजींना घेऊन चालत पोचलो. दारात गर्दी. भिंतीवर निऑनमध्ये इंग्रजीत काहीतरी उर्मट लिहिलेलं, त्याखाली पोरी फोटो काढत उभ्या. आत सगळीकडे उंच स्टुलं. शहात्तर वर्षांच्या माणसानं त्यावर चढायचं कसं, हा प्रश्न इंटिरिअर करणाऱ्याला पडलेला दिसत नाही. मामाजींनी एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "सूनबाई, हे तर माडावर चढल्यासारखं होऊन राह्यलं."

एक वेटर पोरगा धावत आला. वीस-बावीसचा असेल. "अंकल को पीछे बिठाते हैं, उधर नीची टेबल है," म्हणत आम्हाला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेला. तिथे साध्या खुर्च्या होत्या, आणि कोपऱ्यात एक लांब सिगडी पेटलेली. खरं सांगते, त्या हॉटेलातली सगळ्यात चांगली जागा तीच. पण स्टोरीवर ती कोणीच टाकत नाही, कारण तिथे निऑन नाही.

मेन्यूकार्ड म्हणजे लग्नाचा अल्बम. बर्गर, बार्बेक्यू, पास्ता, मोमो, हक्का नूडल्स आणि शेवटच्या पानावर "विदर्भ स्पेशल सावजी चिकन पिझ्झा". (मागवला नाही. काही गोष्टी माणसानं बघून सोडून द्याव्यात.)

आधी विंग्ज आल्या. तक्रार नाही. कातडी कुरकुरीत, कडेला थोडी करपलेली, आत रस. वर जो गोडसर तिखट सॉस होता तो जरा जास्त, पण ठीक. प्लेट दोन मिनिटांत साफ.

मग बर्गर. हे प्रकरण जवळून सांगण्यासारखं आहे. लाकडी फळीवर एक वीतभर उंच मनोरा, मध्ये बांबूची काडी खुपसलेली, आणि सोबत काळे प्लास्टिकचे हातमोजे. मोजे घालून मी पनीर बर्गर उचलला आणि प्रश्न पडला की एवढा आ वासायचा कसा. दाबला तर पनीर मागून निसटलं. न दाबता चावला तर फक्त पाव आणि पान तोंडात. शेवटी मोजे काढले, काडी काढली आणि वरचा पाव वेगळा, खालचा वेगळा असं पोळी-भाजीसारखं खाल्लं. पाव मात्र चांगला होता, लोण्यावर शेकलेला, आतून मऊ. चिरंजीवांचा चिकन बर्गरही बरा.

नवऱ्याचा मटण बर्गर फसला. पॅटी कोरडी, चावताना भुसा. यात त्या हॉटेलचा एकट्याचा दोष नाही, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच होतं. बर्गरची पॅटी रसाळ राहते ती चरबीमुळे. अमेरिकेत ती बीफची असते, आणि खिम्यात साधारण वीस टक्के चरबी धरतात. आपलं मटण म्हणजे बोकड, आणि बोकडाच्या अंगावर चरबी मुळात कमी. तो खिमा नुसता थापून तव्यावर टाकला, वर कलथ्यानं दाबला, की जो काही रस आहे तो तव्यावर चरचरून उडून जातो. आपल्या आज्यांना हे माहीत होतं, म्हणून खिम्याच्या कबाबात चणाडाळ, कांदा, अंडं पडायचं. बर्गरवाल्यानं तेवढं जरी उचललं असतं तरी चाललं असतं. पण मग ते "ऑथेंटिक" राहत नाही ना.

आणि मग तो आला. घुमट. बार्बेक्यू प्लॅटर, किंमत 1299. पोरगा दोन्ही हातांनी सांभाळत घेऊन आला, टेबलाच्या मधोमध ठेवला, चिरंजीवांनी मोबाइल सरसावला, झाकण उचललं आणि भस्सकन धूर मामाजींच्या तोंडावर. मामाजी खोकले. मग नाक वर करून त्यांनी दोनदा वास घेतला. आमच्याकडे पाहुणा पोरगी बघायला आल्यावर मुलीकडचे म्हातारे जसे त्याच्याकडे बघतात, तसे त्या प्लॅटरकडे बघत होते.

मामाजी काटोलकडचे. त्यांच्या गावात मारुतीच्या पारावर रोडग्यांचं जेवण असायचं तेव्हा गोवऱ्या रचायचं काम त्यांच्याकडे. रोडगे म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (पुण्या-मुंबईचे लोकही वाचतात म्हणून): गव्हाच्या जाडसर पिठाचे मुठीएवढे घट्ट गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवलेले. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. त्यातलं सगळं कसब आगीत. गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळा पूर्ण खाली बसू द्यायची, वर पांढरी राख धरली की मगच रोडगे आत सारायचे. घाई केली की बाहेरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. मामाजी म्हणतात, "जाळावर नाही, आरावर भाजायचं." (आर म्हणजे निखारा.) हे वाक्य मी लग्न झाल्यापासून वांग्याचं भरीत करताना दरवेळी ऐकत आले आहे.

तर मामाजींनी पोराला विचारलं, "लाकूड कोणतं वापरता रे बाबू?"

पोरगा म्हणाला, "सर, ये स्मोक्ड है. ट्वेल्व्ह आवर्स."

"ते झालं. पण लाकूड कोणतं? आंब्याचं? बाभळीचं?"

"सर... अमेरिकन स्मोक."

आता यात पोराची काय चूक? त्याला जे पाठ करायला दिलं ते तो म्हणत होता. मी विषय बदलायला गेले, पण मामाजींनी नागपुरी माणसाचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "गाव कोणतं बेटा तुझं?" आणि पोरगा एका क्षणात हिंदीतून मराठीत उतरला. भंडाऱ्याकडचा निघाला. गावाचं नाव लिहीत नाही. घरी धान, दोन बहिणी, इथे खोली करून राहतो. इकडे-तिकडे बघून, टेबल पुसायचं निमित्त करून तो खाली वाकला आणि म्हणाला, "आजोबा, खरं सांगू का? धूर बाटलीतला हाय. चिकन ओव्हनमधलं. वरचा धूर मशीन मारते."

मामाजी इतके हसले की मफलर सुटला.

आता माझं मत, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. बाटलीतल्या धुराबद्दल माझी तक्रार नाही. लाकडाचाच धूर थंड करून त्याचा द्रव करतात आणि बऱ्याच देशांत वापरतात. नागपूरच्या मधोमध, वरच्या मजल्यावर माणसं राहतात त्या इमारतीत, बारा तास लाकूड जाळा असं मीही म्हणणार नाही. तक्रार आहे ती मेन्यूतल्या एका ओळीबद्दल: "स्मोक्ड चिकन ब्रिस्केट, 12 तास मंद आचेवर".

ब्रिस्केट म्हणजे गाय-बैलाच्या छातीचा, पुढच्या पायांमधला तुकडा. भयंकर चिवट. जनावराच्या वजनाचा मोठा भाग त्या स्नायूंवर असतो. म्हणूनच टेक्सासकडे तो साधारण 107 ते 120 अंश सेल्सियसच्या धुरकट उष्णतेत दहा-बारा तास ठेवतात. एवढ्या वेळात त्यातला चिवटपणा, म्हणजे कोलॅजन, हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि मांस नुसत्या बोटानं सुटायला लागतं. आपल्या पाया-सुपाचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो ना, ते हेच. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैलाच्या कत्तलीवर 2015 पासून बंदी आहे, तेव्हा इथे तो तुकडा मिळणार नाही हे उघड आहे, आणि मला तो वादही इथे नकोय. पण म्हणून कोंबडीला ब्रिस्केट? छाती कोंबडीलाही असते, पण ती बारा तास भट्टीत ठेवली तर तिची चिंधी होईल. कोंबडीला बारा तास लागतच नाहीत. म्हणजे ती ओळ लिहिणाऱ्याला एक तर स्वयंपाक येत नाही, किंवा आपल्याला येत नाही असं त्यानं गृहीत धरलंय.

मला दुसरी गोष्ट जास्त लागली. मंद आच, धीर, निखारा, धूर, हे सगळं या मातीत आहे. रोडगे आहेत, हुरडा आहे, काटक्यांवर भाजलेलं वांगं आहे. बोकडाचा खांदा घ्या, सावजी मसाला चोळा, आंब्याच्या लाकडाच्या निखाऱ्यावर झाकून चार-पाच तास ठेवा आणि पावात घालून द्या. खांदा चिवट असतो, त्याला वेळ दिला तर तो सोनं करतो. आम्ही 1299 काय, वरून टिप देऊन खाऊ. पण तेवढा वेळ द्यायला कोणी तयार नाही. घुमट परवडतो, कारण तो तीस सेकंदांत फोटो देतो.

प्लॅटर चवीला कसा होता? गोड. सगळंच गोड. चिकन गोड, मका गोड, बटाटा गोड. चिरंजीवांनीसुद्धा अर्धा ठेवला, यातच आलं.

मग मामाजींनी त्या पोरालाच विचारलं, "इथं खरं काय आहे?" त्यानं हनुवटीनं कोपऱ्यातली सिगडी दाखवली. "विंग्ज. त्या मागच्या कोळशावरच्या हाय. सॉस नको म्हणा, मीठ-मिरची-लिंबू मारून आणतो." दुसरी प्लेट तशी मागवली. अहाहा. आधीच्या प्लेटीवर सॉसनं जे झाकलं होतं ते सगळं उघडं झालं. कोळशाचा वास, लिंबू, कडेची करपलेली कातडी. सिगडीवर उभा असलेला मधल्या वयाचा माणूस पुठ्ठ्यानं हलकेच वारा घालत होता आणि ज्वाळा उठली की विंग्ज लगेच बाजूला सरकवत होता. मामाजी उठून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले, दहा मिनिटं. काय बोलले माहीत नाही. परत आले तेव्हा चेहऱ्यावर मटण खाल्ल्यासारखं समाधान.

बिल आलं. 3492 चं खाणं, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 349.20, आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. एकूण 4033. आमचे हे एरवी हॉटेलात चमचा खाली पडला तरी बोलत नाहीत, पण बिलाच्या बाबतीत वकील होतात. मॅनेजरला शांतपणे म्हणाले, "सर्व्हिस चार्ज काढा." मॅनेजर म्हणाला, "सर, सगळीकडे असतो." तर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हॉटेलनं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवेल. यांनी मोबाइलवर 1915 नंबर टाइप करून नुसता समोर धरला, हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. दोन मिनिटांत नवं बिल, 3667. वाचलेल्या 366 रुपयांत आमच्या चौघांचे दोन रविवारचे तर्री-पोहे होतात.

कोणी म्हणेल, मग त्या पोराचे पैसे मारले का? नाही. मामाजींनी निघताना त्याच्या मुठीत नोट दाबली. किती ते त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही.

जायचं असेल तर जा. आठवड्याच्या मधल्या वारी, मागच्या व्हरांड्यात, विंग्ज सॉसशिवाय, चिकन बर्गर दोघांत एक. घुमट मागवू नका. आणि इनबॉक्समध्ये नाव विचारू नका, त्या पोराला अजून खोलीभाडं भरायचंय.

चिरंजीवांनी रील टाकलं. घुमटाचं नाही, सिगडीजवळ उभ्या आजोबांचं. आता त्याचे मित्र विचारताहेत रोडगे कधी. मामाजींनी काटोलला फोन करून गोवऱ्यांचं पोतं मागवलंय, आणि येत्या रविवारी गच्चीवर काय होणार या विचारानं मी आत्तापासून खालच्या मजल्यावरच्या काकूंना गोड बोलायला सुरुवात केली आहे. त्यांचे कपडे वाळत असतात तिथे.