वेगासचा पहिला सीझन 'सेट' होता म्हणणाऱ्यांसाठी

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय आणि या वेळी माझ्या भाच्याने तो खरा मानून त्याच्या हॉकी टीममधल्या पोरांनाही सांगितला, म्हणून लिहायला बसले. त्यात म्हटलंय की २०१७ ला एनएचएलमध्ये (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग) नव्याने आलेली वेगास गोल्डन नाइट्स पहिल्याच सीझनला फायनलला गेली ते सगळं लीगनेच घडवून आणलं, लीगमध्ये येण्याची ५० कोटी डॉलर फी घेऊन स्टार प्लेयर दिले, गोळीबारानंतर सहानुभूती मिळावी म्हणून जिंकवलं, आणि पाहुण्या टीम वेगासला येऊन पार्ट्या करायच्या म्हणून हरायच्या.

आधी गोळीबाराचं, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासच्या म्युझिक फेस्टिव्हलवर गोळीबार झाला, ५८ माणसं गेली (जखमींपैकी दोघं नंतर गेले, आता आकडा ६० धरतात). टीमची पहिलीवहिली मॅच त्यानंतर पाच दिवसांनी, तीही बाहेर, डॅलसला. १० तारखेला घरच्या पहिल्या मॅचला प्लेयर्सना पोलिस, फायरब्रिगेडवाले, डॉक्टर-नर्स यांच्यासोबत बर्फावर आणलं, ५८ सेकंद शांतता पाळली, कडेच्या बोर्डांवरच्या जाहिराती काढून टाकल्या. लोकांशी बोलला डेरिक एंगलंड, जो आधी त्याच शहरातल्या खालच्या लीगच्या टीमकडून खेळलेला, बायको तिथली, घर तिथेच. मग त्यानेही एक गोल मारला आणि पहिल्या अकरा मिनिटांत चार गोल करून टीमने ॲरिझोनाला ५-२ ने हरवलं. याला नाटक म्हणायचं? ज्यांच्या घरातलं माणूस त्या रात्री गेलं त्यांच्यासमोर म्हणून दाखवा. आणि लीगला जिंकवायचंच होतं तर पहिल्याच महिन्यात फ्लुरी, सुबान, डान्स्क असे तीन गोली (गोलकीपर) एकामागोमाग जखमी होऊन चौथ्याला उभं करायची वेळ का आली? फायनलची पहिली मॅच जिंकून पुढच्या चारही हरले, वॉशिंग्टन कॅपिटल्सने कप उचलला तो वेगासच्याच रिंकवर. असं कोण ठरवून करतं?

ड्राफ्टचं, म्हणजे नव्या टीमने जुन्या टीमचे प्लेयर निवडून घेण्याचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. २००० साली कोलंबस आणि मिनेसोटा या नव्या टीम आल्या तेव्हा जुन्या टीमना साधारण १५ प्लेयर राखून ठेवता यायचे, वेगासच्या वेळी ७ फॉरवर्ड, ३ डिफेन्समन आणि १ गोली, म्हणजे ११ च. पण स्टार कोणी 'दिले' नाहीत, जुन्या क्लबनी स्वतःच्या हाताने सोडले. कोलंबसने विल्यम कार्लसन जाऊ दिला, आदल्या सीझनला त्याचे ६ गोल होते, वर पहिल्या राउंडचा पिकही (दरवर्षी नवे तरुण प्लेयर निवडतात त्यातली आपली पाळी) दिला, का तर वेगासने आपल्या दुसऱ्या कोणाला हात लावू नये. त्याने वेगासकडून खेळताना ४३ गोल मारले. फ्लोरिडाने ३० गोल मारलेला मार्शेसो राखून न ठेवता उघडा सोडला आणि रायली स्मिथ नुसत्या चौथ्या राउंडच्या पिकवर देऊन टाकला. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे वेगासनंतर आलेली नवी टीम, सिॲटल. २०२१ ला तेच नियम, फी तर ६५ कोटी डॉलर, आणि पहिल्या सीझनला ८२ पैकी २७ मॅच जिंकून डिव्हिजनमध्ये शेवटचे. नियमच टीम जिंकवत असते तर सिॲटलचं असं झालंच नसतं. वेगासने जिंकल्या ५१.

ते ५० कोटी बाकीच्या ३० मालकांना वाटले गेले, प्लेयर्सवर नाही. सॅलरी कॅप, म्हणजे प्लेयर्सच्या पगारावर टीमने किती खर्च करायचा ती मर्यादा, सगळ्यांना एकच होती, साडेसात कोटी डॉलर.

राहिल्या पार्ट्या. घरी ४१ पैकी २९ जिंकल्या हे खरं, एखाददुसरी टीम रात्री जागलीही असेल. पण परक्या रिंकवर ४१ पैकी २२ जिंकल्या, तिथे समोरची टीम आपापल्या घरी झोपून आलेली होती.