मुदत संपलेल्या तारखा भिंतीवर: तुर्की दिनदर्शिकांच्या प्रिंटविषयीच्या आक्षेपांना उत्तर

जुन्या तुर्की दिनदर्शिका आणि पंचांगवजा तक्त्यांच्या कलात्मक प्रिंटविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले आक्षेप तीन आहेत. ज्या लिपीतील एक अक्षरही घेणाऱ्याला वाचता येत नाही, ती चौकटीत लावणे म्हणजे निव्वळ भिंत सजवणे होय. वर्ष सरताच रद्दीत जाण्यासाठी छापलेल्या कागदाला कलेचा मान देणे हे बाजाराने लावलेले वेड आहे. आणि अनेक लिपींचे जे पान 'सहजीवनाचा पुरावा' म्हणून विकले जाते, ते पुढच्या रक्तपातावर पडदा टाकते. तिसरा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे, दुसरा अजिबात मान्य नाही, आणि पहिल्यातील दोष खरा असला तरी आपण तो घेणाऱ्याच्या माथी मारला आहे. माझ्या मते तो छापणाऱ्याचा आहे.

लिपीचा मुद्दा आधी घेतो, कारण आपला सगळा रोख तिथेच आहे. तुर्कस्तानात 1 नोव्हेंबर 1928 रोजी अरबी लिपीच्या जागी नवी वर्णमाला आणणारा कायदा झाला आणि 1929 सालापासून पुस्तके रोमन लिपीत छापणे बंधनकारक झाले. त्यामुळे आज इस्तंबूलमध्ये राहणाऱ्या बहुतेकांना आपल्याच पणजोबांच्या घरातील दिनदर्शिका वाचता येत नाही. आपली कसोटी लावायची तर ते पान लावण्याचा अधिकार त्यांनाही उरत नाही, आणि हे आपल्यालाही अभिप्रेत नसावे. शिवाय, दिनदर्शिका ही ग्रंथासारखी वाचायची वस्तू नाही. तिच्यात मजकूर थोडा आणि आकडे, रकाने, क्रम फार. थोडी तयारी केली की त्यातील बरेचसे उलगडते, आणि जे उलगडते ते शोभेच्या पलीकडचे असते.

उदाहरणादाखल 22 एप्रिल 1911 हा दिवस घ्या. त्या काळी इस्तंबूलमध्ये रोज एक पान फाडायच्या दिनदर्शिका मिळत, आणि त्यांतील काहींवर तुर्की, ग्रीक, आर्मेनियन, हिब्रू, बल्गेरियन आणि फ्रेंच अशा ओळी एकाच पानावर असत. हा दिवस हिजरी चांद्रवर्ष 1329 मध्ये येतो. सरकारी हिशेबाच्या रूमी वर्षाप्रमाणे ती 1327 च्या निसान महिन्याची 9 तारीख. हे रूमी, किंवा 'माली', वर्ष 1840 पासून राज्याच्या आर्थिक व्यवहारांसाठी रूढ झाले. त्याचे महिने ज्युलियन गणनेचे, म्हणजे आजच्या इंग्रजी तारखेपेक्षा त्या काळी 13 दिवस मागे चालणाऱ्या जुन्या युरोपीय गणनेचे, आणि वर्ष मार्चपासून सुरू होणारे. ग्रीक, बल्गेरियन आणि आर्मेनियन चर्चही ज्युलियन गणनाच पाळत असल्यामुळे त्यांच्या ओळीत 9 एप्रिल येतो, तर फ्रेंच ओळीत 22. ज्यूंच्या गणनेत त्या दिवशी 5671 सालच्या निसानची 24 तारीख होती. म्हणजे रूमी वर्षाचा निसान आणि ज्यूंचा निसान एकाच पानावर दोन वेगळ्या तारखा दाखवतात. वार शनिवार, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. ऑर्थोडॉक्स ईस्टर दुसऱ्या दिवशी होता, आणि पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर सहा दिवसांपूर्वीच होऊन गेला होता.

यात लोकपरंपरेची आणखी एक मोजणी असते आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. अनातोलियातील शेतकरी, धनगर आणि दर्यावर्दी वर्षाचे दोनच भाग करत: 8 नोव्हेंबरपासून 'कासिम'चे 179 दिवस आणि 6 मेपासून 'हिझिर'चे 186 दिवस. त्या हिशेबाने 22 एप्रिल हा कासिमचा 166 वा दिवस ठरतो. जनावरे डोंगरावर कधी न्यायची, गड्याचा करार कधी संपवायचा, जहाज कधी हाकारायचे, हे या मोजणीवर ठरे. फेब्रुवारीच्या 20 तारखेला हवेत, 27 ला पाण्यात आणि 6 मार्चला जमिनीत ऊब उतरते असे मानणारे तीन 'जेमरे' आणि मार्चमधील 'म्हातारीची थंडी' हेही तिथल्या दिनदर्शिकांतून नोंदले जाते. वेळा दिलेल्या असतील तर त्या सूर्यास्ताला बारा धरणाऱ्या घड्याळाच्या. एवढे कळल्यावर तो कागद केवळ नक्षी राहत नाही, आणि यासाठी उस्मानी (ऑटोमन) तुर्की भाषेचा विद्वान असावे लागत नाही.

मराठी वाचकाला तर हे प्रकरण परके वाटण्याचे कारणच नाही. पेशवे दप्तरातील कागदांवर 'मया व अलफ' अशी अखेर असलेला सुहूर सन आपण पाहतो. तोही हिजरीच्या आकड्यापासून निघालेला, पण सूर्य मृगात गेल्यावर बदलणारा सौर सन आहे. कारणही सारखेच: पीक सूर्याच्या चालीने येते, म्हणून महसूल चांद्रवर्षाने वसूल करता येत नाही. उस्मानी खजिन्यात वसुली सौर वर्षाने आणि पगार चांद्रवर्षाने होत असल्यामुळे साधारण 33 वर्षांत एक वर्ष जमेच्या बाजूने कमी पडे, आणि त्यातून पगार थकण्याचे, सैनिकांच्या असंतोषाचे प्रसंग उद्भवत. आकड्यांचे हे भांडण त्या पानावर मूकपणे छापलेले आहे.

आता छापणाऱ्याच्या दोषाकडे येतो. 'रूझनामे' नावाच्या, हाताने लिहिलेल्या कायमस्वरूपी दिनदर्शिका अरुंद आणि लांब गुंडाळीच्या रूपात असत. 1491 मध्ये निवर्तलेले इस्तंबूलचे सूफी शेख वेफा यांच्या नावाने चालणारा नमुना पुढे कित्येक पिढ्या नकलला गेला. त्यातील अंक अबजद पद्धतीने, अक्षरांतून लिहिलेले असतात. काळ्या आणि लाल शाईचे बारीक रकाने असतात. आणि वर सोन्याच्या वेलबुट्टीचा शिरोभाग असतो. बाजारातील प्रिंटमध्ये बहुधा हा शिरोभागच मोठा करून घेतात आणि रकाने कापून टाकतात. पंचांगाच्या मुखपृष्ठावरचा गणपती कापून त्यालाच पंचांग म्हणावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय चार-पाच इंच रुंदीची वस्तू दोन फुटांवर ताणली की रेषा फुटतात, आणि शाईच्या छपाईत सोने मोहरीच्या रंगाचे दिसते. आपला राग या प्रिंटवर असेल, तर मी आपल्या बाजूने आहे. शेख वेफांच्या नावाचा नमुना एकोणिसाव्या शतकापर्यंत नकलला जात असल्यामुळे त्यांचे नाव पाहून पंधराव्या शतकाची चिठ्ठी चिकटवणे हाही याच निष्काळजीपणाचा भाग आहे.

याउलट, रकाने न कापता छापण्याची परंपरा आपण समजता त्यापेक्षा जुनी आहे. ऑग्सबर्ग येथील वैद्य गेओर्ग हिएरोनिमुस वेल्श यांनी 1676 मध्ये अशाच एका रूझनाम्यावर लॅटिन भाष्य प्रसिद्ध केले आणि त्याचे तक्ते कोरीव ठशांवरून छापले. त्यांना नक्षीपेक्षा गणित महत्त्वाचे वाटले होते.

दुसरा आक्षेप, म्हणजे मुदत संपलेल्या कागदाला मोल नाही हा, तिथल्या इतिहासाशी जुळत नाही. पंधराव्या शतकातील, सुलतान दुसऱ्या मुरादच्या काळात तयार झालेल्या वार्षिक तक्त्यांत 'अमुक घटनेला इतकी वर्षे झाली' अशा याद्या असत, आणि आरंभीच्या उस्मानी इतिहासाचा कालक्रम लावताना अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात. पुढे दरबारी ज्योतिषप्रमुख, म्हणजे मुनज्जिमबाशी, दरवर्षी नवरोजच्या सुमारास सुलतान आणि वजिरांना नवे तक्ते सादर करी. त्यात प्रवासाला, स्नानाला, नवे वस्त्र नेसायला चांगले-वाईट दिवसही दिलेले असत. हे तक्ते समरकंदच्या उलुग बेगच्या ग्रहगणितावर बेतलेले होते. 1800 मध्ये तिसऱ्या सलीमच्या आदेशाने ते सोडून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ कासिनी यांच्या सारण्या घेण्यात आल्या. हा बदल कुठल्या भाषणात नव्हे, तर अशाच मुदत संपलेल्या कागदांच्या रकान्यांत सापडतो. इस्तंबूलच्या कान्दिल्ली वेधशाळेचा हस्तलिखितसंग्रह 2001 मध्ये युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समाविष्ट झाला. त्यात असे तक्ते आहेत. रद्दीला हा मान मिळत नाही.

तिसऱ्या आक्षेपाबाबत फार वाद घालण्यासारखे नाही. बहुभाषिक पान प्रकाशकाने प्रेमापोटी छापले नव्हते. एकाच छपाईत सर्व पेठेला माल विकण्याची ती व्यापारी सोय होती. हुंडीची मुदत, जहाजाची तारीख, शेजाऱ्याच्या सणाला बंद राहणारे दुकान यांसाठी गिऱ्हाइकाला सगळ्या तारखा लागत. त्या पानावरून सलोखा सिद्ध होत नाही, फक्त रोजचा व्यवहार सिद्ध होतो. 1912 मध्ये सलोनिका ग्रीसकडे गेले, 1915 मध्ये आर्मेनियन समाजाची हद्दपारी आणि कत्तल झाली, 1923 मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील सक्तीच्या लोकसंख्या-अदलाबदलीचा करार झाला. ज्या विक्रेत्याला 1911 चे पान गोड आठवण म्हणून विकायचे आहे, त्याने ही तीन वर्षे खालच्या टिपणात द्यावीत, असे माझेही मत आहे. परंतु म्हणून ते पानच छापू नये, हे मला पटत नाही. त्या ओळी वाचणारे लोक तिथे होते, याची ती एक साधी, बाजारू आणि म्हणूनच विश्वसनीय नोंद आहे.

शेवटी आपण विचारले आहे की, मी स्वतः कोणते प्रिंट घेईन. सोनेरी गुंडाळीपेक्षा मी 1917 सालच्या साध्या दिनदर्शिकेची प्रत पसंत करीन. त्या वर्षी ज्युलियन गणनेतील 13 दिवसांचा फरक काढण्यासाठी रूमी 1332 च्या 15 फेब्रुवारीनंतर थेट 1333 चा 1 मार्च धरण्यात आला, आणि पुढच्या वर्षाची सुरुवात 1 जानेवारीला नेल्यामुळे 1333 हे वर्ष दहाच महिन्यांचे झाले. आकडा मात्र 1341 पर्यंत हिजरीवरून आलेलाच राहिला. 1 जानेवारी 1926 पासून तो 1926 झाला आणि सूर्यास्ताच्या घड्याळाची जागा चोवीस तासांच्या घड्याळाने घेतली. 1917, 1926 आणि 1929 या तीन वर्षांची पाने मूळ मापात, कडा न कापता, एकाच चौकटीत कोणी छापली, तर त्यात वेलबुट्टी नसली तरी मी ती घेईन, आणि आपणही एकदा पाहावीत.