शिकारी राजुऱ्यात, गिऱ्हाईक कुठं?

जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याजवळ वाघांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या बहेलिया टोळीचा म्होरक्या पकडला गेला. आमच्या चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला मग दुसरा विषय राहिला नाही. नागपूरचा दादा म्हणाला, असल्यांना तिथल्या तिथं गोळ्या घातल्या पाहिजेत. पुण्याच्या ताईनं उलट विचारलं, पिढ्यान् पिढ्या रानात फिरणाऱ्यांना गोळ्या घालून वाघ वाढणार आहेत का? त्यावरून पारधी, बहेलिया या शिकारीवर जगत आलेल्या जमाती निघाल्या, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा निघाला. तो १९५२ मध्ये रद्द झाला तरी कपाळावरचा शिक्का पुसला गेलेला नाही, हेही निघालं. शेवटी दादानं ‘तुम्ही एसीत बसून बोलता’ हे ब्रह्मास्त्र काढलं. मी तर सिंगापुरात एसीत बसून वाचत होते, त्यामुळे गप्प राहिले.

घरचा हा वाद मला तोंडपाठ झालाय. एका बाजूला कडक शिक्षा, दुसऱ्या बाजूला पुनर्वसन. मला यात ताईचं जास्त पटतं, पण दोघांचीही नजर सापळा लावणाऱ्या माणसापाशीच थांबते. राजुऱ्याच्या प्रकरणात राज्य सरकारनं एसआयटी नेमली, तपासाचे धागे पार शिलाँगपर्यंत गेले, हवालाचे व्यवहार समोर आले. त्या बातम्या ग्रुपवर कुणी टाकल्या नाहीत.

मी राहते ते शहर या धंद्याच्या मधल्या टप्प्यावर आहे. इथं जंगल म्हणावं असं फारसं नाही, पण जगातला अतोनात माल या बंदरातून पुढे जातो. एप्रिल २०१९ मध्ये नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेला एक कंटेनर इथं उघडला गेला. कागदावर लिहिलं होतं गोठवलेलं गोमांस. आत १२.९ टन खवले निघाले, खवले मांजराचे. काही दिवसांतच दुसरा कंटेनर, त्यात १२.७ टन. या दोन खेपांसाठी मिळून ३५ हजारांहून जास्त जनावरं मारली गेली असावीत, असा सरकारी अंदाज होता. जुलैत तिसरी खेप सापडली, काँगोहून निघालेली, कागदावर लाकूड. तिच्यात ११.९ टन खवले आणि ८.८ टन हस्तिदंत होतं. ही खेप पकडली गेली ती चिनी कस्टम्सनं दिलेल्या खबरीमुळे. ‘सगळा माल चीनच खातो’ असं आपल्याकडे ठासून सांगितलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खवले मांजर म्हणजे कोकणातल्या माणसाला काही परकं नाही. वाळवी-मुंग्या खाऊन जगणारं, भ्यालं की अंगाची गुंडाळी करणारं हे जनावर वाघ-बिबट्यापासून त्या गुंडाळीनं वाचतं, माणूस मात्र ती गुंडाळीच उचलून पोत्यात घालतो. खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. साइटीस या वन्यजीव-व्यापार कराराच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. म्हणजे वर सांगितलेले कंटेनर बंदीनंतरचे आहेत.

सिंगापूर म्हटलं की आपल्याकडच्या लोकांच्या डोळ्यांपुढे फटके आणि फास येतो. दादाचंही तेच, ‘तुमच्याकडे कसं, दयामाया नाही!’ आता हे पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये चांगी विमानतळावर दक्षिण आफ्रिकेहून लाओसला निघालेल्या एका प्रवाशाच्या सामानात श्वानपथकाला गेंड्याच्या शिंगाचे २० तुकडे सापडले, वजन ३४.७ किलो. जानेवारी २०२४ मध्ये त्याला शिक्षा झाली ती २४ महिन्यांची. वन्यजीव तस्करीसाठी इथं तोवर दिली गेलेली ही सगळ्यात मोठी शिक्षा होती. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं दंडही वाढवला. कायद्याच्या पुस्तकात आपण सिंगापूरपेक्षा कडक होतो!

फरक पडला तो पुढच्या गोष्टींत. कुत्र्यानं वास काढला, २०२१ मध्ये खास वन्यजीवांसाठी सुरू झालेली न्यायवैद्यक प्रयोगशाळा हाताशी होती, आणि पकडल्यापासून निकालापर्यंत सव्वा वर्ष लागलं. आपल्याकडे हैदराबादची लॅकोन्स ही प्रयोगशाळा आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था हे काम उत्तम करतात. गाडी अडते ती कोर्टात. तारखा पडत जातात, पंच फिरतात, वनरक्षकाची बदली होते आणि जामिनावर सुटलेला माणूस पुन्हा रानात दिसतो. वाघाच्या कातड्यांचा कुख्यात तस्कर संसारचंद १९७४ मध्ये पहिल्यांदा पकडला गेला आणि २००५ पर्यंत धंद्यातच राहिला. ४७० वाघांची आणि २१३० बिबट्यांची कातडी आपण विकली, असं त्यानं पुढे कबूल केल्याचं सीबीआयनं सांगितलं. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गिऱ्हाइकांबद्दलचं त्याचं सांगणं. नेपाळ-तिबेटकडची गिऱ्हाइकं होती अवघी चार.

म्हणून ‘सिंगापूरसारखं करा’ हेही मी म्हणत नाही. हे एक चिमुकलं बेट आहे, दारं मोजकी. म्यानमार आणि नेपाळच्या सरहद्दींना कुंपण घालून मेळघाटातला वाघ वाचवता येणार नाही. मेळघाटात पाणवठ्याभोवती मेटल डिटेक्टर घेऊन लोखंडी सापळे हुडकत पायी फिरणारे वनरक्षक मला चांगीच्या श्वानपथकाहून मोठे वाटतात, आणि त्यांचे पगार-भत्ते वेळेवर होतात का हा प्रश्न गोळ्या घालण्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

शिवाय सिंगापूरनं धुतल्या तांदळाचं असल्याचा आव आणू नये. २०२१ मध्ये हस्तिदंताच्या देशांतर्गत विक्रीवर बंदी आली, त्याआधी नऊएक टन जप्त हस्तिदंताचा चुराही केला गेला. ठीक. पण आमच्या ब्लॉकखालच्या चिनी औषधांच्या दुकानात सायगाच्या शिंगाचं पाणी बाटलीत मिळतं, राजरोस. सायगा म्हणजे कझाकस्तानच्या गवताळ माळावरचं, सोंडेसारखं लोंबतं नाक असलेलं हरीण. पूर्वी परवान्यानं आलेला साठा विकायला इथं हरकत नाही. शेजारच्या आंटी अंगात कणकण आली की ते पितात. माझ्या लेकीला ताप होता तेव्हा प्रेमानं एक बाटली घेऊन आल्या. मी नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं, शिंगाचं पाणी थंड असतं हे त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलेलं. आता मी त्यांना कोणत्या तोंडानं शिकवू? आमच्या घरी आजीच्या गुडघ्यांना सांड्याचं तेल लावलेलं मी पाहिलंय. सांडा म्हणजे राजस्थानच्या वाळवंटात पकडला जाणारा सरडा.

तीच गोष्ट वाघनखाची. लग्नात सोन्यात मढवलेलं वाघनख गळ्यात घालून फोटो काढणारे नवरदेव आपल्याकडे कमी झालेत, संपलेले नाहीत. बहुतेक नखं खोटी असतात म्हणे, पण खोट्याला भाव येतो तो खऱ्याला मागणी असते म्हणून. मांडूळ घ्या. गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो म्हणून या गरीब बिनविषारी सापाचे लाखांनी सौदे होतात, आणि पकडलेल्यांत शिकले-सवरलेलेही असतात. न्हावा-शेवा बंदरात २०२३ मध्ये डीआरआयनं, म्हणजे केंद्राच्या महसूल गुप्तचर संचालनालयानं, चीनला निघालेली सुमारे २८ लाख मोरपिसं पकडली, कागदावर काथ्याची पायपुसणी म्हणून दाखवलेली. एवढी पिसं एका पारध्यानं गोळा केलेली नसणार. त्यामागे गोदाम आहे, एजंट आहे, बिल बनवणारा आहे, बँकेत खातं आहे. या माणसांना कुठल्या जमातीचा शिक्का नसतो.

कोकणातलं एक उदाहरण मला आवडतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या पुढाकारानं २०२० मध्ये डुगवे गावानं खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून नाचवली. शहरी माणसाला ही गंमत वाटेल. पण रानडुकरासाठी फासकी कोण लावतं, बाहेरचा कोण येऊन चौकशी करतो, हे गावालाच आधी कळतं. त्या गावानं जनावर आपलं मानलं तर वनखात्याला फोन जातो. पुनर्वसनाच्या बाजूनं बोलणाऱ्या ताईनं हे उदाहरण वापरावं, असं मी तिला कळवलंय.

आणि दादाबद्दल. आपण आता नुसते माल पाठवणारे राहिलेलो नाही, घेणारेही झालोय. जून २०२५ च्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका भारतीय प्रवाशाच्या बॅगेत डझनावारी विषारी साप आणि काही कासवं सापडली. बँकॉकहून येणाऱ्या बॅगांत सरडे, कासवं, माकडंसुद्धा सापडताहेत. हौस आपल्याच मध्यमवर्गाची, इन्स्टाग्रामवर दाखवायची. गेल्या दिवाळीत दादाच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, हिरवा इग्वाना घेतला. दिसायला गोड आहे, खरंच. ग्रुपवर बदाम आणि अंगठे पडले. इग्वाना साइटीसच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, आणि असे प्राणी पाळणाऱ्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, असे नियम २०२४ मध्ये आले. मी तेवढंच विचारलं, नोंद केलीस का आणि तो आला कुठून? भाचा म्हणाला, दुकानदार सांगतो इथंच पैदास केलेला आहे, काही लागत नाही. दुकानदाराचं नाव विचारलं तर इन्स्टाचं हँडल मिळालं, ते आता बंद आहे. पैसे रोख दिले होते. पावती मागितलीच नव्हती.