आधी पालकांना बोलावू नका

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात लोक रुळांवर उतरले, तेव्हा इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर दिवसभर दुसरा विषय नव्हता. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केले, शाळेनं वेळ काढला, पोलिसांनी पालकांना तासन्‌तास बसवून ठेवलं. संताप येणारच. पण दोन दिवसांत चर्चा कुठे जाऊन थांबली? फाशी द्या आणि सीसीटीव्ही लावा. महिन्याभरानं आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला आणि मग एन्काउंटर बरोबर की चूक, यावर आठवडे गेले. मूल जिच्यासमोर रोज पाच तास बसतं त्या बाईंना शंका आली तर त्यांनी नेमकं काय करायचं, हे कुणी विचारलंच नाही. मुंबईतली वर्तमानपत्रं मी रोज वाचते. त्यांतही हा प्रश्न क्वचितच दिसतो.

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत सहायक शिक्षिका आहे. माझी थोरली बहीण भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. रविवारच्या फोनवर आम्हा दोघींचा सध्या हाच वाद चालतो. ताई म्हणते, "अगं, मुलाच्या अंगावर वळ दिसले की आम्ही गप्प नाही बसत. डायरीत लिहितो, पालकांनी भेटावे."

माझं सगळं म्हणणं या एका ओळीविरुद्ध आहे.

महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन मुलांपैकी दोघांना मारहाण झालेली होती. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे खुद्द आईवडील होते. लैंगिक अत्याचारातही निम्म्या वेळा करणारी व्यक्ती ओळखीची, विश्वासातली होती आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. असं असताना शाळेची पहिली हालचाल कोणती, तर ज्याच्यावर संशय आहे त्यालाच निरोप धाडायचा! वडील येतात, हात जोडतात, "हो बाई, परत नाही होणार" म्हणतात. बाईंना वाटतं, मिटलं. संध्याकाळी दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून मुलाला विचारलं जातं, "शाळेत काय सांगितलंस?" त्यानंतर ते मूल पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतं आणि बाईंनी विचारलं तर सांगतं, पडलो.

इथे इंग्लंडमध्ये हा क्रम उलटा आहे. दर सप्टेंबरला शाळा उघडते तेव्हा सरकारच्या बालसुरक्षा मार्गदर्शिकेचा पहिला भाग आम्हा सगळ्यांना वाचावा लागतो. त्यात जेवण वाढणारी बाईही आली आणि दाराशी नोंद ठेवणारा माणूसही. शाळेत या कामासाठी नेमलेली एक जबाबदार व्यक्ती असते. तिचा फोटो नि नाव प्रवेशद्वारापाशीच लावलेलं असतं आणि ती रजेवर असेल तर बदली कोण, तेही ठरलेलं असतं. मुलाच्या अंगावर काही दिसलं की मी फक्त एवढंच विचारायचं, "काय झालं, सांगतोस का?" "बाबांनी मारलं का?" असं तोंडात शब्द घालायचं नाही. "कुणाला सांगणार नाही हं" असं वचन द्यायचं नाही. फोटो काढायचा नाही. एका कागदावर माणसाची पुढून आणि मागून नुसती बाह्यरेषा छापलेली असते. खूण जिथे दिसली तिथे पेनानं दाखवायची, रंग आणि अंदाजे आकार लिहायचा, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं, वेळ टाकायची, सही करायची. माझं काम तिथे संपतं. पालकांना कळवायचं की नाही हे ती जबाबदार व्यक्ती ठरवते आणि ठरवताना पहिला विचार हा, की कळवल्यानं मुलाचा धोका वाढेल का.

या नोंदींचा उपयोग एकेकटीनं कळत नाही. मागे एक मुलगा बिस्किटं खिशात भरून न्यायचा. जेवण वाढणाऱ्या बाईंनी ते लिहून ठेवलं होतं. वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं की सोमवारी सकाळी तो बाकावर डोकं टेकून झोपतो. दाराशी बसणाऱ्या माणसानं लिहिलं होतं की न्यायला रोज वेगळंच कुणीतरी येतं. तिघांनाही आपापली नोंद किरकोळच वाटली होती. एकत्र वाचल्यावर मात्र घरी मदत पोचली. पोलीस नव्हे, मदत: आईला डॉक्टर, मुलाला शाळेतच नाश्ता. मूल घरातच राहिलं.

आता कुणी म्हणेल, परदेशात सगळं छान आणि आमच्याकडे सगळं वाईट, हे नेहमीचंच. तसं नाही. कायद्याच्या बाबतीत आपण इंग्लंडच्या पुढे होतो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 ला लागू झाला. त्याच्या कलम 19 नुसार लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या, किंवा तो होईल अशी धास्ती वाटणाऱ्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत. इंग्लंडमध्ये अशी सक्ती आणा, ही शिफारस करायला इथल्या बाल लैंगिक अत्याचारांच्या चौकशी आयोगाला 2022 साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ठणकावलं, की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. बदलापूरच्या संस्थाचालकांवर आणि मुख्याध्यापिकेवर गुन्हा दाखल झाला तो याच तरतुदीखाली.

कायद्यात आणखीही चांगल्या गोष्टी आहेत, ज्या ताईच्या शाळेत कुणाला माहीत नव्हत्या. सद्भावनेनं माहिती दिली तर देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. जबाब घ्यायला पोलीस गणवेशात येत नाहीत आणि तो मुलाच्या घरी किंवा मुलाला हवा तिथे घेतात. पोलिसांना 24 तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवावं लागतं. 1098 ही हेल्पलाइन तर 1996 मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. तो नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो, पण तो मुलांनी फिरवायचा असा सगळ्यांचा समज. बाईंनीही फिरवायचा असतो.

आपलं अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे ही सक्ती फक्त लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे. बाप पट्ट्यानं मारतो, सावत्र आई उपाशी ठेवते, दहा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला सांभाळत दिवस काढते, यातलं काही कळवण्याची सक्ती शाळेवर नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 75 अशा क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, पण ते पोलिसांपर्यंत न्यायचं कुणी?

दुसरं ताई सांगते आणि तिथे मला तिचं ऐकावंच लागतं. तिच्या वर्गात साठ मुलं. त्यात निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. "मी तक्रार केली तर तो बाप उद्या गेटवर उभा राहील. मी त्याच गल्लीतून स्टेशनला जाते. आणि संस्थेनं विचारलं, शाळेचं नाव खराब करायला कुणी सांगितलं होतं, तर माझ्या बाजूनं कोण बोलणार?" शिवाय तिचा सगळ्यात अवघड प्रश्न: "मुलाला नेऊन ठेवणार कुठे? डोंगरीच्या बालगृहात? मानखुर्दच्या? घरातला मार बरा म्हणेल ते पोरगं."

हा भित्रेपणा नाही. पण ताईची अडचण खरी आहे म्हणूनच हा निर्णय एकट्या वर्गशिक्षिकेच्या गळ्यात घालता कामा नये. तक्रार शाळेच्या नावानं जावी, बाईंच्या नव्हे. आणि ती दाबण्याचा अधिकार मुख्याध्यापक किंवा विश्वस्त कुणालाही नसावा. इथल्या नियमात हे स्पष्ट आहे: वरिष्ठ ऐकत नसतील तर कुणीही कर्मचारी थेट पालिकेच्या बालसेवा खात्याला कळवू शकतो आणि पुढे काय करायचं हे त्यांना कामाच्या एका दिवसात ठरवावं लागतं.

महाराष्ट्रानं 2022 मध्ये शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या आणल्या, बदलापूरनंतर तक्रारपेट्या आणि कॅमेऱ्यांवर जोर आला. हेतूबद्दल मला शंका नाही. पण समिती म्हटली की बैठक आली, आणि दंडावरचे वळ बैठकीपर्यंत थांबत नाहीत. शिवाय वस्तीतल्याच माणसांसमोर एखाद्या मुलीची गोष्ट मांडायची म्हणजे ती रात्रीपर्यंत नळावर पोचलेली असते. कॅमेऱ्याला घरातलं काहीच दिसत नाही. आणि पहिलीतलं मूल पेटीत चिठ्ठी टाकेल, अशी आशा मोठ्या माणसांनी ठेवावी हे मला पटत नाही.

इथली व्यवस्थाही मुलांना वाचवतेच असं नाही. वोकिंगच्या दहा वर्षांच्या सारा शरीफच्या शाळेनं मार्च 2023 मध्ये तिच्या चेहऱ्यावरचे व्रण नोंदवून कळवले होते. बालसेवेनं काही दिवसांतच प्रकरण बंद केलं. एप्रिलमध्ये बापानं घरी शिकवतो म्हणून तिचं नाव शाळेतून काढलं. ऑगस्टमध्ये तिचा खून झाला. शाळेनं आपलं काम चोख केलं तरी पुढची माणसं झोपली तर काय होतं, हे त्या मुलीनं जिवानं दाखवलं. आणि दुसऱ्या टोकाची भीती आपल्या लोकांना चांगलीच ठाऊक आहे. नॉर्वेत 2011 मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली गेली. ती भारतात नातेवाइकांकडे यायला जवळजवळ वर्ष लागलं. मंडळात मुलाला धपाटा मारण्यावरून विषय निघाला की कुणीतरी ते प्रकरण काढतंच. हाताने भरवणं, एका बिछान्यात झोपणं यावरून आईबापांना दोषी धरणारी व्यवस्था मलाही मुंबईत नको आहे. म्हणून पाहणारं आणि लिहिणारं माणूस वस्ती ओळखणारं हवं. ताईसारखी बाई एका नजरेत सांगते, हे गरिबीचं आहे की मारण्याचं. तेवढं इथल्या माझ्या सहकाऱ्यांना आयुष्यात जमायचं नाही.

पण तिची नजर कुठेच उतरत नाही. मूल शाळा बदलतं तेव्हा इथे त्याची सुरक्षेची वेगळी फाइल पाच दिवसांत नव्या शाळेत पोचवायची असते. आपल्याकडे दाखला मिळतो. त्यावर जन्मतारीख, जात, आणि वर्तणूक चांगली. चार वर्षं बाईंनी जे पाहिलं ते बाईंपाशीच राहतं आणि नव्या शाळेत पुन्हा कुणीतरी डायरीत लिहितं, पालकांनी भेटावे.

ताईनं या जूनसाठी मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय. शाळा उघडण्याआधीच्या बैठकीत वर्गवाटप आणि पोषण आहार झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्यावा, आणि त्या वेळी शिपाईमामा, मावशी आणि व्हॅनचे ड्रायव्हरही बसावेत, अशी तिची मागणी आहे. अर्जात तिनं दोन प्रश्न विचारलेत: मुलाच्या अंगावर खूण दिसली तर पहिल्यांदा कुणाला सांगायचं, आणि संशय नेमका त्याच माणसावर असेल तर कुणाला?